बावीसचं रिव्हॉल्व्हर ही कोल्टची धाकटी नक्कल नव्हे

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. वर जुन्या, नक्षीदार रिव्हॉल्व्हरचा फोटो आणि खाली ‘इतिहास’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: रिव्हॉल्व्हरचा शोध सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये लावला. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने तेच लहान करून .22 (हे गोळीच्या जाडीचं माप) काढलं. .22 म्हणजे निव्वळ खेळणं. त्याचीच नळी लांबवली की टार्गेट पिस्तूल तयार. ऑटोमॅटिक, म्हणजे झाडल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारं पिस्तूल, आलं आणि रिव्हॉल्व्हर संपलं. आणि शेवटी, 1899 च्या आधीचं हत्यार असेल तर लायसन्स लागत नाही.

मला हा मजकूर पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे नेमबाजीच्या रेंजवर नेहमी भेटणारे, म्हणून लिहायला बसलो. वाईट याचं वाटतं की फोटो अगदी योग्य आहे. तो स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल नंबर वनचा आहे आणि खालचं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोडायला ते एकच हत्यार पुरेसं आहे.

“रिव्हॉल्व्हरचा शोध कोल्टने लावला.”

फिरत्या सिलिंडरची हत्यारं कोल्टच्या आधी जवळजवळ अडीचशे वर्षं होती. न्युरेंबर्गच्या हान्स श्टोपलरने केलेलं, 1597 साल कोरलेलं फिरत्या सिलिंडरचं हत्यार आज नॉर्वेतल्या संग्रहालयात आहे. बोस्टनच्या एलिशा कोलियरने 1818 मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. त्यात सिलिंडर हाताने मागे ओढून पुढच्या घरावर (गोळी ठेवायच्या भोकावर) आणावं लागे. खुद्द कोल्टने 1851 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये निबंध वाचला, तेव्हा आपल्या आधीच्या अशा जुन्या बंदुकांची माहिती त्याने स्वतःच मांडली होती. जे त्याने लपवलं नाही, ते आपण त्याच्या नावाने कशाला झाकायचं?

कोल्टचं श्रेय कमी होत नाही. 1830 मध्ये कलकत्त्याला निघालेल्या ‘कॉर्व्हो’ जहाजावर, सोळा वर्षांचा असताना, त्याने लाकडाचा नमुना कोरला ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचं खरं काम म्हणजे घोडा (मागचा ठोकणारा भाग) ओढला की सिलिंडर आपोआप एक घर फिरतं आणि नळीच्या रेषेत घट्ट अडकतं, ही जुळणी. शिवाय ते टोपीच्या (ठोकताच पेटणाऱ्या स्फोटकाच्या छोट्या वाटीच्या) बंदुकीच्या काळात आलं, त्यामुळे चकमकीची कटकट गेली. पण भरायची पद्धत ठासणीचीच राहिली: प्रत्येक घरात पुढून दारू, वर गोळी, दांड्याने ठासणी, मागे प्रत्येक घराला एकेक तांब्याची टोपी.

“स्मिथ अँड वेसनने तेच लहान केलं.”

इथे मजकुराने अख्खा इतिहास उलटा केला आहे, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबतो.

एका परिचितांच्या घरच्या संग्रहात मी मॉडेल नंबर वन हातात घेऊन पाहिलं आहे. निकामी केलेलं, पण सगळे भाग जागच्या जागी. मूठ दोन बोटांत मावते. चापाला खालून कडं नाही, नुसता एक उंचवटा. पुढची खालची खिट्टी दाबली की नळी वरच्या बिजागरीवर उलटते, आभाळाकडे तोंड करते. मग सिलिंडर हातात काढून घ्यायचं. नळीच्या खाली एक आखूड दांडी आहे, तिच्यावर एकेक घर धरून रिकामी काडतुसं मागे ढकलायची. सात घरं, सात नवी काडतुसं, सिलिंडर जागेवर, नळी खाली, खट्. दारूची पिशवी नाही, ठासणी नाही, टोप्या नाहीत. यातला कुठला भाग कोल्टची नक्कल आहे?

हे 1857 मध्ये बाजारात आलं. कोल्टच्या पेटंटची मुदत त्याच वर्षी संपत होती, म्हणून स्मिथ आणि वेसन तयारीत होते. पण महत्त्वाचं पेटंट दुसरंच होतं. सिलिंडरची घरं आरपार पोखरायची, म्हणजे काडतूस मागून घालता येईल, हे रोलिन व्हाइट या बंदूक कारागिराने 3 एप्रिल 1855 रोजी नोंदवलं होतं. 1856 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी करार झाला: प्रत्येक नगामागे 25 सेंट रॉयल्टी, आणि कुणी पेटंट मोडलं तर खटला व्हाइटने स्वतःच्या खर्चाने लढायचा. बिचारा व्हाइट त्यातच पिचला. पेटंट 1869 मध्ये संपलं. मुदतवाढीचं विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी 1870 मध्ये परत पाठवलं. मधल्या बारा वर्षांत अमेरिकेतल्या बाकीच्या कारखान्यांनी पुढून भरायच्या चित्रविचित्र काडतुसांची रिव्हॉल्व्हरं काढली, ती याच अडचणीमुळे.

आता .22 च का? कारण काडतूस. त्याच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कड असते, तिच्यात स्फोटक भरलेलं असतं, घोडा ती कड चेपतो आणि ठिणगी पडते. कड चेपली जायची तर धातू मऊ हवा. मऊ तांब्यात दारू जास्त भरली तर बूड फुगतं आणि सिलिंडर अडकतं. त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर यासाठी सिलिंडरमागे टेकणारी एक फिरती चकती बसवली होती. तेव्हाचं तांबं जेवढं पेलू शकत होतं, तेवढंच काडतूस झालं: 29 ग्रेनची, म्हणजे दोन ग्रॅमहूनही हलकी गोळी आणि फक्त 4 ग्रेन काळी दारू. हेच आजचं .22 शॉर्ट.

म्हणजे क्रम असा: आधी 1857 चं .22, मग 1861 चं .32, आणि 1870 मध्ये त्यांचं मोठं .44. कोल्टचं गाजलेलं काडतुसाचं सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने ओढायचं) रिव्हॉल्व्हर 1873 चं. आजची रिव्हॉल्व्हरं लहानातून मोठी होत गेली. युरोपात फ्रेंच लफोशे यांची खिळ्याच्या काडतुसाची (घोडा काडतुसातून बाहेर आलेल्या खिळ्यावर आपटतो अशी) रिव्हॉल्व्हरं 1850 च्या दशकातच आली होती हे खरं, पण त्यांचं घराणं वेगळं.

“.22 म्हणजे खेळणं.”

हे वाक्य धोकादायक आहे. 1968 मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून .22 रिव्हॉल्व्हरने झाला. 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर .22 रिव्हॉल्व्हरमधूनच गोळ्या झाडल्या गेल्या. रेंजवर नवीन मुलाला पहिल्याच दिवशी हे सांगावं लागतं आणि असे मजकूर आमचं ते काम अवघड करतात.

मजकुरात “22 मिमी” असंही लिहिलंय. .22 ही इंचातली मोजणी आहे, म्हणजे साधारण 5.6 मिमी. 22 मिमीची गोळी तोफेत घालावी लागेल.

आणि याच काडतुसाचा वंश आज खेळात सर्वांत पुढे आहे. 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल हे काडतूस काढलं, 40 ग्रेन गोळीचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते .22 वर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं 2024 चं ऑलिंपिक कांस्य .22 रायफलवर.

“नळी लांबवली की टार्गेट पिस्तूल.”

टार्गेट पिस्तुलाची मुळं रिव्हॉल्व्हरमध्ये नाहीत. फ्रान्समधल्या फ्लोबेरने 1845 च्या सुमारास टोपीतच गोळी बसवली, वेगळी दारूच नाही, आणि त्यावर लोक दिवाणखान्यात नेमबाजी करू लागले. स्मिथ अँड वेसनचं .22 काडतूस त्याच कल्पनेवरून पुढे गेलं. म्हणजे नेमबाजीचं काडतूस आधी, त्याचं रिव्हॉल्व्हर नंतर. द्वंद्वाच्या एकगोळी पिस्तुलांकडून आलेली मूठ आणि हलका चाप घेऊन एकगोळी टार्गेट पिस्तुलांची स्वतंत्र परंपरा युरोपात वाढली. नंतर मार्टिनी पद्धतीचा खाली पडणारा ठोकळा आला, केसभर स्पर्शाने सुटणारा दुहेरी चाप आला, हाताला गुंडाळणारी लाकडी मूठ आली. 50 मीटर फ्री पिस्तुलाचा हा आकार 2016 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता.

अमेरिकेत मात्र दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली, हे कबूल करायला हवं. स्मिथ अँड वेसनने 1890 च्या दशकात .38 रिव्हॉल्व्हरच्याच सांगाड्यावर एकगोळी नळी बसवली. कोल्टचं 1926 चं कँप पेरी मॉडेल तर बघण्यासारखं: सगळं रिव्हॉल्व्हरचं, फक्त सिलिंडरच्या जागी एक सपाट ठोकळा, त्यात एकच घर, आणि तो ठोकळा सिलिंडरसारखाच बाजूला उघडतो.

एवढा खटाटोप कशाला? रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असते, तिथून वायू निसटतो. सहा घरं म्हणजे नळीच्या रेषेत आणायची सहा भोकं, आणि ती सगळी सारखी नेमकी बसणं कठीण. त्यात .22 ला मोठ्या काडतुसाचं लांब सिलिंडर दिलं, तर गोळी नळीच्या खाचांत शिरण्याआधी रिकामं अंतर पार करते. नळी कितीही लांबवली तरी यातलं काहीच सुटत नाही. लांब नळीने माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि मागची खाच यांतलं अंतर वाढतं, नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते. फायदा आहे, पण तो नेम धरण्याचा.

“ऑटोमॅटिक आलं आणि रिव्हॉल्व्हर संपलं.”

कोल्टचं .22 ऑटोमॅटिक, पुढे वुड्समन म्हणून गाजलेलं, 1915 चं. स्मिथ अँड वेसनचं के-22 हे टार्गेट रिव्हॉल्व्हर 1931 च्या सुमाराला, त्यानंतर सोळा-एक वर्षांनी आलं. जलद नेमबाजीत ऑटोमॅटिक पुढे गेली, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत ते स्पष्ट झालं. संपलं मात्र काही नाही.

“1899 च्या आधीचं असेल तर लायसन्स नको.”

हा मुद्दा वाचून कुणीतरी अडचणीत येईल, म्हणून स्पष्ट लिहितो. 1898 किंवा त्याआधीच्या हत्याराला सूट हा अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यातला नियम आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 लागू होतो आणि त्यात असं कुठलंही वर्ष नाही. कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण अट ही की ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं दीडशे वर्षांचं रिव्हॉल्व्हर चालू स्थितीत असेल, किंवा गंज काढून चालू होणार असेल, तर त्याला लायसन्स लागतं. ते नसेल तर कलम 21 प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी हे करा.