खुलासा: कोंबडे वाढवून पिल्लं वाढत नाहीत

मुंबईतल्या गोराई-मनोरीकडे घरगुती कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय: ‘दोन कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवा, सगळी अंडी फळतील.’ हे चूक आहे. ८-१० कोंबड्यांना एक सशक्त कोंबडा पुरतो. जास्त ठेवले की ते झुंजतात, एकमेकांना कोंबडीजवळ फिरकू देत नाहीत, कोंबड्यांच्या पाठीची पिसं झडतात आणि फलित (पिल्लू निघू शकेल अशी) अंडी उलट घटतात. (पहाटेच्या बांगेवरून शेजारी भांडतील ते वेगळंच.)

एकदा संयोग झाला की कोंबडी साधारण २ आठवडे फलित अंडी देऊ शकते. म्हणून दुसऱ्या जातीचा कोंबडा आणून पिल्लांची जात बदलायची असेल, तर जुना कोंबडा काढल्यावर खात्रीसाठी पहिल्या ३ आठवड्यांची अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवू नका, खाऊन टाका. फक्त खायलाच अंडी हवी असतील, तर कोंबडा लागतच नाही.