‘चार अक्षरांचे २२ हजार’ या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर रागाच्या भरात काहीतरी लिहून बसले असते, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. चटणी-मसाल्यांच्या पाऊचवरच्या नावाची चार अक्षरं काढून द्यायचे २२ हजार घेतले. १८ दिवस सांगून २२ लावले. तिसऱ्या करेक्शनचे २,५०० वेगळे लावले. ओपन फाइल, म्हणजे अक्षरांत बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागितली तर दिली नाही. आणि शेवटी, ‘माझ्या भाच्याने मोबाइलवर अर्ध्या तासात असंच करून दिलं असतं.’

यातल्या दोन गोष्टींत चूक माझी आहे. ते आधी.

करेक्शनचं कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे: दोन धरलेली, तिसऱ्यापासून पैसे पडतील. पण तुमचा चटण्या-मसाल्यांचा व्याप, त्यात तुम्ही माझ्या कोटेशनच्या ओळी लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षाच चुकीची. दुसरं करेक्शन पाठवलं तेव्हा ‘ताई, आता यापुढे पैसे पडतील’ एवढा फोन मी करायला हवा होता. मी तिसरं करून मोकळी झाले आणि तुम्हाला ते थेट बिलात दिसलं. २,५०० रुपये आज सकाळी तुमच्या खात्यावर परत पाठवलेत. त्यासाठी अभिप्राय बदलायची काही गरज नाही.

दुसरी चूक चार दिवसांच्या उशिराची. तुम्हाला मी फोनवर ‘कामं साठलीत’ म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. एका मोठ्या कंपनीचं बिल मार्चपासून अडकलं होतं. दर सोमवारी मी मेल करायची आणि ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर यायचं. लहान उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे, त्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. माझी उद्यम नोंदणीही आहे. पण कायद्याची भाषा केली की बिल निघतं आणि पुढचं काम बंद होतं, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मीही गप्प बसले. जुलैचं भाडं द्यायची वेळ आली आणि नेमकं एका गणेश मंडळाच्या अहवालाचं काम चालून आलं. चार दिवसांत हवं होतं, पैसे लगेच हातात. ते मी तुमच्या कामाच्या पुढे घातलं. तुम्ही ११ हजार अ‍ॅडव्हान्स सांगितल्या दिवशी दिला होता. दुसऱ्याने माझे पैसे बुडवत आणले आणि त्याची झळ मी तुम्हाला लावली. याबद्दल मनापासून माफी मागते.

आता २२ हजारांविषयी. इथे मी मागे हटणार नाही, पण हिशेब उघड मांडते.

तुमच्या नावाला माझे पूर्ण सात दिवस गेले. म्हणजे दिवसाला साधारण ३,१०० रुपये. ऐकायला बरे वाटतात. पण महिन्यात पैसे मिळणारे दिवस माझ्या वाट्याला १२च्या आसपास येतात. बाकीचे दिवस कोटेशन देण्यात, न होणाऱ्या कामांच्या मीटिंगांत, प्रेसमध्ये प्रूफ बघण्यात आणि बिलांच्या मागे लागण्यात जातात. १२ दिवसांचे झाले ३७ हजार. त्यातून नारायण पेठेतल्या खोलीचं भाडं १४ हजार, सॉफ्टवेअर, इंटरनेट, लाइटबिल, प्रिंटरची शाई मिळून सहा. उरले १७. त्यात घर, आरोग्य विमा, आणि जून-जुलैसारख्या कोरड्या महिन्यांची तरतूद. मोठ्या कंपन्यांची कामं म्हणूनच घ्यावी लागतात आणि त्यांची बिलं अडकली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. अकरा वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हापासून दर वर्षी हेच गणित नव्याने बसवते. गृहकर्जाला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पहिलं वाक्य म्हटलं, ‘सॅलरी स्लिप?’ तीन वर्षांची रिटर्न्स पुढे ठेवली तेव्हा कुठे त्यांनी बसायला सांगितलं.

दर कमी केला तर अक्षरावरचे दिवस कमी करावे लागतील. ते मला करायचं नाही, आणि का नाही ते तुमच्याच नावावरून सांगते. नाव इथे लिहीत नाही, पण त्यात ‘ल’ आणि ‘ळ’ शेजारी शेजारी आहेत.

भाच्याने मोबाइलवर केलेलं तुम्ही मला दाखवलं होतं. त्यातला ‘ल’ दंडाचा, म्हणजे उभ्या रेघेचा आहे, हिंदी वळणाचा. आपला ‘ल’ पाकळीचा, उभ्या रेघेशिवायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइल अक्षरं ज्या क्रमांकांनी ओळखतात त्या पद्धतीत, दोघांचा कोड एकच असल्यामुळे कोणता दिसणार ते फॉन्टवर ठरतं, आणि मोबाइलवर बहुतेक वेळा दंडाचाच येतो. यात भाच्याची काही चूक नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ला खास निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवले. ज्या नावात तुमच्या आईच्या हातची चव सांगायची आहे, ते नाव आपल्या वळणात असायलाच हवं असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

‘ळ’ने मात्र माझी परीक्षा घेतली. तुमच्या ५० ग्रॅमच्या पाऊचवर सगळं नाव जेमतेम दोन सेंटिमीटरमध्ये बसतं. एवढ्या लहान आकारात शाई थोडी जरी पसरली तरी ‘ळ’च्या दोन्ही पोटांतली जागा भरते आणि तिथे काळे ठिपके उरतात. बोरूने चाळीसेक वेळा नाव काढल्यावर एक वळण मनासारखं आलं. ते मोठं छान दिसत होतं, लहान केल्यावर ‘ळ’ बुजला. म्हणून लहान पाऊचसाठी नाव वेगळं काढलं: पोटं रुंद, बारीक रेघा किंचित जाड, शिरोरेषा थोडी वर. तुमच्याकडे नावाच्या दोन फाइली आहेत त्या यासाठी. त्यांची अदलाबदल करू नका. मग डमी पाऊच करून मंडईजवळच्या एका किराणा दुकानात, दुकानदाराला विचारून, बरणीशेजारी ठेवला आणि सहा पावलं मागे येऊन बघितला. ट्यूबलाइट चकचकीत पाऊचवर अशी परावर्तित होत होती की नाव अर्धं पुसल्यासारखं दिसत होतं. मॅट पाऊच घ्या, असा आग्रह मी धरला तो त्या संध्याकाळी.

राहिली ओपन फाइल. छपाईला लागतं ते सगळं तुम्हाला दिलंय: कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरांचे आकार पक्के केलेली, फॉन्ट न लागणारी) पीडीएफ, एसव्हीजी, पीएनजी. माझ्याकडे ठेवलेली ओपन फाइल म्हणजे माझ्या कच्च्या रेघा आणि टाकून दिलेली वळणं. पूर्वी एकदा दिली होती. त्या गिऱ्हाइकाने अक्षरं ताणून, वेलांटी तोडून दुसऱ्या दुकानाची पाटी केली आणि खाली माझं नाव तसंच ठेवलं. तेव्हापासून देत नाही. पण काढून दिलेल्या नावाचा हक्क तुमचाच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी दिला तरच जातो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून तुमच्या पत्रात मी ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ असे दोन्ही शब्द घातलेत. तुमची मुलगी अमेरिकेत आहे, उद्या चटणी तिकडे विकली तरी कोणी अडवणार नाही. ते पत्र बिलासोबतच्या पाकिटात आहे, नीट ठेवा.

पाऊचवाल्याला सीडीआरच (कोरलड्रॉची फाइल) हवी असेल तर त्याचा नंबर मला द्या. त्याच्या मशिनला चालेल अशी फाइल मी थेट त्याला पाठवते, पैसे नाहीत. आणि पूर्ण लॉट छापायच्या आधी पहिला पाऊच माझ्याकडे आणा. गुरुवारी चारनंतर मी खोलीवरच असते. भिंग आहे माझ्याकडे, ‘ळ’ उघडा राहिलाय का ते दोघी मिळून बघू.