‘चार तासांत युट्यूबवर येतं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मागच्या लेखात मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवते त्या ‘व्यवसायातील माहिती तंत्रज्ञान’ या पेपरबद्दल लिहिलं होतं. त्याखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, ‘पंचवीस वर्षं आयटीत’ एवढीच ओळख. म्हणणं थोडक्यात असं: या पेपरात मुलांचं एक सेमिस्टर वाया जातं, अभ्यासक्रमात अजून फ्लॉपी डिस्क आहे, लॅबमधली यंत्रं जुनाट आहेत, एआयचा पत्ता नाही. आणि मग हे: ‘यातलं जे काही उपयोगाचं आहे ते युट्यूबवर चार तासांत फुकट शिकता येतं. मॅडम कधी एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या असत्या तर त्यांना कळलं असतं. असो, इंदूरच्या कॉलेजांकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नाहीच.’

आधी भाषेबद्दल. अभ्यासक्रम जुना वाटतो असं कुणी म्हटलं तर माझी काहीच हरकत नाही. पण जिला तुम्ही ओळखत नाही, कधी भेटला नाहीत, तिला धंद्यातलं काय कळणार हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आणि वर एक ‘असो’ टाकून अख्खं शहर निकालात काढलंत. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देणाऱ्या माणसाने लेख निदान शेवटपर्यंत वाचावा, एवढी माझी अपेक्षा होती. एआयवर त्यात पूर्ण परिच्छेद आहे. तुम्ही तिथपर्यंत पोचलेला दिसत नाही.

गल्ल्याचं काढलंत म्हणून सांगते. माझे वडील इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात एका पेढीवर मुनीम होते. दिवाळी जवळ आली की रोजमेळावरून, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीवरून, खतावणी म्हणजे प्रत्येक पार्टीच्या खात्याची वही उतरवायला ते मला शेजारी बसवत. ते नोंद वाचणार, मी त्या पार्टीचं पान काढून लिहिणार, आणि मेळ बसेपर्यंत उठायचं नाही. मी कॉलेजात असताना त्याच पेढीवर पहिला कॉम्प्युटर आला. बिलं करायला मला बसवलं, कारण कीबोर्डला हात लावायची बाकी कुणाची तयारी नव्हती. गल्ल्यावर बसले नाही हे खरं. मुनिमाच्या मुलीला कोणी गल्ल्यावर बसवत नाही. पण उधारी कशी चढते, कुणाचं येणं कुठे अडकतं, एक नोंद चुकीच्या पानावर पडली की ती शोधायला किती रात्री जातात, हे मी तिथे पाहिलं आहे. हा विषय मी स्वतःहून मागून घेतला तो त्यामुळेच.

आता तुमचं ‘चार तास’. एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर म्हणजे व्यवहाराची नोंद कशी टाकायची, हे सगळं युट्यूबवर आहे आणि चांगलं आहे. मुलांना त्याच्या लिंका मीच पाठवते. वर्गात मी काय करते ते एका उदाहरणाने सांगते.

एका मुलाने प्रोजेक्टसाठी घरच्या दुकानाचा डेटा आणला होता. इंदूरच्या सियागंज बाजारात किराण्याचं घाऊक काम. टॅलीवर बसणारा मुलगा हुशार, हात भरभर चालणारा, आणि शिकलेला युट्यूबवरूनच. आम्ही संड्री डेटर्सची, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे त्यांची, यादी काढली तर इंदूरजवळच्या महूचं एकच गिऱ्हाईक तीन नावांनी बसलेलं. नावं बदलून सांगते: ‘श्री गणेश ट्रेडर्स’, ‘गणेश ट्रेडर्स महू’ आणि ‘श्री गणेश ट्रेडिंग’. फोनवर ऑर्डर येणार, जे नाव कानावर पडेल त्या नावाचं लेजर, म्हणजे खातं, उघडणार. घरच्यांनी या पार्टीला दोन लाखांची उधारीची मर्यादा घातली होती आणि टॅली ती चोख पाळत होतं, प्रत्येक लेजरला वेगळी. तिन्ही मिळून येणं साडेचार लाखांच्या वर गेलं, तरी पडद्यावर एकदाही इशारा आला नाही, कारण एकेक खातं आपापल्या हद्दीतच होतं. त्यातच बिल एका लेजरला आणि आलेले पैसे दुसऱ्या लेजरला, म्हणजे तगादा लावायला फोन करावा तर समोरचा म्हणणार, पैसे तर कधीच दिले.

तीन लेजर एकत्र कसे करायचे याचा व्हिडिओ मिळेल. पण काहीतरी बिघडलं आहे हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार काय?

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: दोन गिऱ्हाइकं वेगळी आहेत हे कॉम्प्युटरला कशावरून कळावं? कुणी म्हणालं नाव, ते तर समोरच फसलं होतं. कुणी म्हणालं जीएसटी नंबर. मग आम्ही तो नंबर उकलला. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याची, आपल्या मध्य प्रदेशाची २३, महाराष्ट्राची २७. पुढची दहा म्हणजे पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्याच राज्यातलं हे कितवं रजिस्ट्रेशन ते सांगतं. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघतं, त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर तिथल्या तिथे पकडता येतं. एका मुलीने विचारलं, पार्टीची दोन राज्यांत दुकानं असतील तर? नंबर दोन होतील, पण मधली दहा अक्षरं तीच, आणि उधारी शेवटी एकाच माणसाच्या डोक्यावर. मग मागच्या बाकावरून आलं की आमच्या गावच्या छोट्या दुकानदारांकडे जीएसटी नंबरच नसतो. मोबाइल नंबर धरावा? तो बदलतो, आणि बाप-लेक एकच नंबर वापरतात. शेवटी दुकानाने प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा एक कोड द्यायचा आणि तो कोड असल्याशिवाय बिल बनू द्यायचं नाही, इथवर मुलं आपणहून आली. तास संपल्याची घंटा कुणी मनावर घेतली नाही.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना मांडली तिच्यात हेही आहे: प्रत्येक नोंदीला तिची अशी एक ओळख हवी. या ओळखीला ‘प्रायमरी की’ म्हणतात. पुस्तकात तिची व्याख्या दोन ओळींची आहे आणि परीक्षेत तिला दोन गुण आहेत. ती व्याख्या साडेचार लाखांची आहे, हे त्या मुलाच्या घरी आता सगळ्यांना माहीत आहे.

आणि हे सियागंजापुरतं आहे असं समजू नका. २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोरोनाचे जवळजवळ १६,००० रुग्ण काही दिवस गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ओतली जात होती. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही, म्हणून पुढच्या नोंदी मुकाट्याने कापल्या गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवता आलं नाही. तिथे एक्सेल येणारी माणसं नव्हती असं तुम्हीही म्हणणार नाही. पाठवलेल्या ओळी आणि पोचलेल्या ओळी मोजून ताडून पाहायची सवय नव्हती. ती सवय माझ्या वडिलांना होती. ती मुलांना लावायला सेमिस्टर लागतं, आणि मला तेही कमी पडतं.

फ्लॉपीचं तुमचं म्हणणं मान्य. कॉम्प्युटरच्या पाच पिढ्या आणि साठवणुकीच्या साधनांचा तक्ता पाठ करण्यात मुलांचा वेळ जाऊ नये. तो भाग काढायला माझी ना नाही. पण त्याच धड्यात लंडनच्या जे. लायन्स कंपनीची हकीकत येते आणि तिला मी हात लावू देणार नाही. चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणाऱ्या या कंपनीने स्वतःचा ‘लिओ’ नावाचा कॉम्प्युटर बांधला आणि १९५१ साली त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब सुरू केला. व्यवसायाच्या रोजच्या कामाला कॉम्प्युटर जुंपला तो पाव आणि केक विकणाऱ्यांनी. आपल्या घरच्या दुकानाला ‘हे आयटीवाल्यांचं काम’ समजणाऱ्या मुलांनी हे ऐकायलाच हवं.

इंदूरबद्दलचं तुमचं वाक्य मी सोडून देणार होते, पण सोडवत नाही. आयटीसी कंपनीने ई-चौपाल, म्हणजे गावातल्या कॉम्प्युटरवरून शेतकऱ्यांचा माल थेट विकत घेण्याची योजना, २००० साली सुरू केली ती याच मध्य प्रदेशात, सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, तो संचालक. माल ट्रॉलीत भरण्याआधीच भाव कळायचा. एरवी मंडीत लिलाव होऊन भाव कळेपर्यंत भाडं अंगावर पडलेलं असे, माल परत कोण नेणार? आणि आडत्यांना हाकलून न देता त्यांना संयोजक म्हणून कामात ठेवलं. यावर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने अभ्यासासाठी केस स्टडी लिहिली. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आजोबा त्याच मंड्यांत सोयाबीन विकत आले आहेत. ती मुलं हा विषय जसा वाचतात तसा कुठल्या मोठ्या शहरातली मुलं वाचत असतील, असं मला वाटत नाही.

लॅबच्या यंत्रांबद्दल प्राचार्यांना लिहा, खरेदी माझ्याकडे नाही. एआयबद्दल एवढंच: ती तीन नावांची यादी एआयला दिलीत तर तो तिन्ही एकच असावीत असं सुचवेलही. पण महूला गणेश नावाची दुकानं दोन असू शकतात. नंबर ताडून पाहिल्याशिवाय खाती एकत्र केलीत तर एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर चढेल, आणि ती निस्तरायला तुम्ही येणार नाही.

पुढचा लेख ई-चौपालच्या तासावरच आहे. प्रतिक्रिया जरूर द्या, मात्र या खेपेला पूर्ण वाचून आणि नावानिशी द्या.