इग्वानाच्या पिंजऱ्याविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. आपल्या इग्वानाचा, म्हणजे पाळीव मोठ्या सरड्याचा, पिंजरा कबूल केलेल्या तारखेपेक्षा १९ दिवस उशिरा मिळाला, पावसाळ्यात त्याच्या तळाचे प्लायवूड फुगले आणि सप्टेंबरात दोनदा फोन करूनही कोणी फिरकले नाही, थंडीत आत पुरेशी ऊब राहत नाही, आणि बाजारात १२ हजारांना मिळणाऱ्या वस्तूचे आम्ही ६८ हजार घेतले, अशा आपल्या तक्रारी आहेत. त्या सर्वांची उत्तरे खाली दिली आहेत. पण त्याआधी आपण सोबत जोडलेल्या छायाचित्राविषयी लिहिणे भाग आहे, कारण ते काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.

छतावरची जाळी काढून तिथे काच बसवलेली आणि यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी त्या काचेवर बाहेरून ठेवलेली छायाचित्रात दिसते. ऊब टिकावी म्हणून आपण हे केलेत हे उघड आहे, आणि त्याने ऊब थोडीफार टिकलीही असेल. परंतु यूव्हीबी किरण काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. नळी पेटलेली दिसते, उजेड पडतो, आणि ती ज्यासाठी विकत घेतली ते काम मात्र होत नाही. पाल्यावर जगणाऱ्या इग्वानाला डी३ जीवनसत्त्व मुख्यतः याच किरणांच्या आधारे त्वचेत तयार करून घ्यावे लागते. ते झाले नाही तर खाण्यातून कितीही कॅल्शियम दिले तरी ते अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, पायांना कंप सुटतो, आणि ही लक्षणे आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत आतून बरेच नुकसान होऊन गेलेले असते. आतल्या बाजूचा होल्डर आणि त्याभोवतीचे जाळीचे कवच अजून जागेवर असल्याचे छायाचित्रात दिसते. कृपया नळी आजच तिथे परत लावावी. त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यात विजेवर तापणारा दगड आहे, तोही काढून टाकावा. पोटाखालचा चटका इग्वानाला वेळेवर कळत नाही आणि तो भाजेपर्यंत तसाच बसून राहतो.

आता उबेविषयी. येथे आपली तक्रार खरी आहे. दिव्याखालच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश आणि रात्री २४ अंशांच्या आसपास तापमान राहील असे मी आपल्याला तोंडी सांगितले होते. आम्ही ते तपासलेही होते, पण मे महिन्याच्या अखेरीस, कार्यशाळेचे पत्रे तापलेले असताना! पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, आणि साडेसहा फूट उंचीच्या पिंजऱ्यातली गरम हवा वरच्या उघड्या जाळीतून निघून जाणार हे मला, इतकी वर्षे हेच काम करत असताना, आधी सुचायला हवे होते. त्यावर उपाय काच हा नाही. जाळीचा दोन-तृतीयांश भाग वरून प्लायच्या फळीने झाकायचा, उरलेला हवेसाठी मोकळा ठेवायचा, आणि रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर जोडून त्याला कवच घालायचे, म्हणजे प्राणी त्यावर चढून भाजणार नाही. हे सर्व सामान आमच्या खर्चाने बसवून देऊ.

तळ फुगला हा दोष संपूर्णपणे आमचा आहे. आम्ही १८ मिलिमीटरचे बीडब्ल्यूपी प्लाय वापरतो, ज्याचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. पण कापलेल्या कडेचे लाकूड पाणी पितेच, म्हणून प्रत्येक कड एपॉक्सीने, म्हणजे पाणी आत न जाऊ देणाऱ्या लेपाने, बंद करावी लागते. आपल्या पिंजऱ्याच्या तळाला एपॉक्सीचे दोन हात दिल्यानंतर सांडपाण्याच्या नळीसाठी भोक पाडले गेले आणि त्या भोकाची कड उघडीच राहिली. इग्वाना पाण्याच्या टबातच घाण करतो, त्यामुळे टब रोज रिकामा करावा लागतो आणि रोजचे पाणी नेमके त्याच कडेवरून वाहते. त्याच आठवड्यात तयार झालेला दुसरा एक पिंजरा परवा दुरुस्तीला आला; त्याच्या भोकाच्या कडेला नख लावले, तर ओल्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटून हातात आले. आपले फोन आमच्याकडच्या मुलाने घेतले, येतो म्हणून सांगितले, आणि मला कळवले नाही. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

उशिराबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एपॉक्सी हाताला कोरडी लागली तरी ती पूर्ण पक्की व्हायला आठवडाभर जातो, आणि काचेच्या सांध्यांतील सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबूस वास जाईपर्यंत बंद पेटीत जिवंत प्राणी ठेवणे मला मान्य नाही. पहिला हात नीट न बसल्याने आम्ही तो घासून पुन्हा दिला, त्यात दिवस गेले. ते आपल्याला वेळीच कळवले नाही ही आमची चूक. पण दिवस कमी केले असते तर ती त्याहून मोठी चूक ठरली असती.

किमतीविषयी थोडक्यात सांगतो. १२ हजारांचा पिंजरा पक्ष्यांसाठी असतो. पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसह पाच-सहा फूट भरतो. त्याची शेपटी तारेत अडकते, नाक जाळीवर घासून सोलते आणि उघड्या तारेतून दमट हवा क्षणभरही टिकत नाही. ६८ हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम प्लाय, टफन काच आणि विजेच्या सामानाचीच होती. ऑर्डर घेताना वनविभागाकडील नोंदणीचा कागद मागून आम्ही आपल्याला छळले, असेही आपण लिहिले आहे. २०२४ च्या नियमांनुसार इग्वानाची केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि तो कागद पाहिल्याशिवाय आम्ही मापही घेत नाही. पाळलेल्या घोरपडीसाठी पिंजरा मागणारे फोन आम्हाला अधूनमधून येतात. घोरपड पाळणे हा गुन्हा आहे, ते काम आम्ही कोणत्याही किमतीला करत नाही.

येत्या रविवारी सकाळी मी स्वतः सुताराला घेऊन येतो. तळ बदलून पिंजरा परत जागेवर यायला नऊ दिवस लागतील, त्यांतले सात नुसते वाळण्याचे आहेत. तेवढ्या काळासाठी कार्यशाळेतला एक मोकळा पिंजरा आम्ही आपल्याकडे आणून ठेवू. तो उंचीला फूटभर कमी आहे, पण नळी आत बसवलेली आहे.

आपला,
कार्यशाळेचा मालक