‘गिटारच्या इफेक्टसाठी कोणता रॅक (खणात बसवायचं इफेक्ट युनिट) घेऊ?’ परत तेच!

रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कुणाचा गोड, यावर तासभर वाद. मागच्या पॅनेलकडे बघायला मात्र कुणाला सवड नाही. अहो, तिथे सिग्नलची लेव्हल लिहिलेली असते: स्टुडिओची प्लस ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची मायनस १० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, फरक जवळजवळ १२ डेसिबलचा! अ‍ॅम्पचा लूप (इफेक्ट जोडायची आउट-इन जागा) पेडलच्या, म्हणजे कमी लेव्हलचा असेल तर रॅकचे मीटर हलतच नाहीत, गेन वाढवला की नुसती खरखर. आणि गिटार थेट लाइन इनपुटमध्ये? त्याच्या १० किलोओहम इनपुट रोधाला ट्रेबल (वरचे सूर) मेलाच. तिथे १ मेगाओहम लागतो. लूप पॅरलल असेल, म्हणजे मूळ सिग्नल बाजूने तसाच पुढे जात असेल, तर युनिटचा मिक्स १०० टक्के वेट (फक्त इफेक्ट) ठेवा, नाहीतर युनिटमधून किंचित उशिरा आलेला ड्राय (बिनइफेक्टचा) सिग्नल मूळ सिग्नललाच कापतो. फक्त १२० व्होल्टवर चालणारं अमेरिकन युनिट आपल्या २३०वर लावून धूर काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.