लसीने दुखावलेल्या खांद्याची भरपाई बुडवायचे खात्रीचे उपाय

लस घ्यायला जाताना घट्ट बाहीचा शर्ट घाला. बाही वर चढत नाही, मग कॉलर खांद्यावरून खाली ओढायची. त्या फटीतून दिसतं ते खांद्याचं टोक, आणि सुई तिथेच जाते. खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात टोचायचं असतं म्हणे. वर टोचली की लस बर्सा नावाच्या पिशवीत उतरते, तिथे सूज येते आणि गोव्यातल्या कदंबच्या बसमधली वरची दांडी धरायलाही हात उठत नाही.

दुखू लागलं तरी गप्प बसा. साधं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, तुमचं महिनाभर टिकलं तरी 'लस म्हटली की दुखतंच' हे ऐकून घ्या.

बॅच नंबर विचारू नका.

अमेरिकेत २०१७ पासून लसीमुळे खांद्याला होणारी ही इजा भरपाईच्या यादीत आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं असावं लागतं. तिकडे १९८६ च्या कायद्याने निधी आहे. इकडे हलगर्जीपणा तुम्हीच सिद्ध करायचा. तेव्हा पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरकडे जाऊन तारखेसह लिहून घ्यायची चूक करू नका.

आता कागद. लसीनंतरच्या त्रासाची नोंद करायला सांगूच नका, फॉर्म जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जातो. त्यातून पैसा मिळत नाही, नोंद मात्र राहते. म्हणूनच कुणी भरत नाही. उपचाराच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा २००२ चा नियम आहे. खिडकीवर मात्र 'फाल्यां येयात', म्हणजे उद्या या. परवा गेलात तर साहेब रजेवर. तेरवा गेलात तर अर्ज कुठे आहे? अर्जाची पोचच घेतली नव्हती ना तुम्ही! दुखरा हात घेऊन चौथ्यांदा जिना चढायचा, आणि एमआरआयच्या रिपोर्टवर बोट ठेवून कुणीतरी म्हणणार, वयाची झीज आहे. मधुमेह असला तर सोन्याहून पिवळं, मधुमेहाने खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर, म्हणून सगळे मोकळे.

दोन वर्षं अशी घालवा. तक्रारीची मुदत संपते. नाहीतर पर्वरी किंवा मडगावच्या ग्राहक आयोगात जाता आलं असतं, उपचारासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सगळ्यांनाच फुकट देणाऱ्या केंद्रात टोचली असेल तर तोही रस्ता बंद, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने.

अरे लस टोचणाऱ्यांनो, बाही चढत नसेल तर शर्ट काढायला सांगा ना! पडदा लावा एक. दहा सेकंदांचं काम, ते टाळून माणसाला सहा महिने फिजिओथेरपीला पाठवता, वर त्यालाच विचारता, पुरावा कुठे? पुरावा तुमच्या कपाटात पडलाय, कुलूप लावून. उघडा ते.