अंगठ्याला अंगठा दाखवणारे फोन

घडीचा, दोन स्क्रीनवाला फोन वापरतोय आणि आता माझं ठाम मत झालंय की हे फोन बनवणारे लोक कायम टेबलाशी बसलेले असतात, दोन्ही हात मोकळे ठेवून.

उभ्याने प्रवास करताना एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्यात फोन, आणि मेसेज येतो. उघडणार कसा? जुने फ्लिप फोन अंगठ्याने टचकन उघडायचे, पण आताची बिजागरी मुद्दाम कडक ठेवतात, कारण फोन अर्धवट उघडा ठेवला तरी तसाच राहिला पाहिजे. म्हणजे उघडायलाच दोन हात. मग मी बंद फोनवरच काम भागवतो, आतला एवढा महागाचा स्क्रीन घडीतच झोपलेला.

आणि उघडला तरी काय? अंगठा गाडीच्या वायपरसारखा कमानीत फिरतो, उजव्या हातात धरला की डावीकडचा अर्धा भाग त्याच्या हद्दीबाहेरच. मायक्रोसॉफ्टचा 2020 चा दोन स्क्रीनवाला सरफेस ड्युओ तर पूर्ण उलटा दुमडून एकच स्क्रीन समोर ठेवला तरी 93 मिलिमीटर रुंद, पंजा फाकवून धरायचा, त्यात अंगठा हलवणार कुठे! उलट 2019 च्या पहिल्या गॅलक्सी फोल्डचा बाहेरचा 4.6 इंची स्क्रीन, ज्याला सगळे हसले, तिथे अंगठा कुठेही पोचायचा. फक्त टाइप करायला गेलं की कीबोर्ड एवढा चिंचोळा की शेजारचंच अक्षर उमटायचं.

2013 मध्ये मोबाइल डिझाइनचा अभ्यासक स्टीव्हन हूबरने लोक फोन कसा धरतात हे नुसतं बघून मोजलं होतं, स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी 49 टक्के लोक एका हाताने वापरत होते. तेव्हाचे फोन लहान होते हे मान्य, पण आपला अंगठा त्यानंतर वाढलाय थोडाच?

मला विचाराल तर हे खरं कळलं होतं एलजी विंगला (2020, दिसायला विचित्र, मान्य). वरचा 6.8 इंची स्क्रीन अंगठ्याने ढकलून आडवा फिरवायचा आणि खाली मुठीत 3.9 इंचाचा छोटा स्क्रीन उरायचा. व्हिडिओ शूट करताना त्याच्यावर जॉयस्टिक यायची, अंगठ्याने फिरवली की वरची फ्रेम सरकायची. दुसरा स्क्रीन जागा वाढवायला नाही, अंगठ्याला काम द्यायला! पण 2021 मध्ये एलजीने फोनचा धंदाच गुंडाळला.

घडीच्या फोनमध्येही हे जमेल की, खालच्या कोपऱ्यात अंगठ्यापुरता टचपॅड द्या आणि बाण फिरू दे अख्ख्या स्क्रीनभर, लॅपटॉपवर इतकी वर्षं हेच तर करतोय आपण.